यादीतली प्लेट

सहलीच्या यादीत माझ्या नावापुढे तू 'प्लेट' लिहिलंस, म्हणजे तुझ्या लेखी नुसती कागदी. म्हातारी गॅस विसरते म्हणून शेगडी काढून न्या, असं माझ्या लेकाला, डॅरिलला शिकवणारीही तूच.

सूनबाई जनेल, ब्रिस्बेनला बरी आहेस ना?

आम्हा टली गावच्या लोकांत 'प्लेट आण' म्हणजे घरच्या पदार्थानं भरलेली आण. शाळा कमी झाली, तरी एवढं मला वाचता येतं. कॅरमेलसाठी आटीव गोड दुधाचा बंद डबा तीन तास पाण्यात उकळला. पाणी आटलं तर डबा फुटतो, म्हणून शेगडीपासून हलले नाही. त्या कॅरमेलवर परसातली केळी रचून टार्ट नेला. शेजारीण मर्ल म्हणाली, "नोला, कडा तरी मला ठेव गं." त्याही उरल्या नाहीत. तू पाठवलेल्या विकतच्या केकवर माश्या बसल्या होत्या.

उत्तर तू लिहू नकोस. तीन तुकडे खाणाऱ्या माझ्या लेकानं स्वतः लिहावं, की शेगडी जागेवरच राहील.

तुझी सासू,
नोला