भुंगेऱ्यांची वहिवाट चालू राहावी

मी, गावात लिंबवाली म्हणून ओळखली जाणारी, बांधालगतच्या लिंबाच्या बागेची मालकीण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या धाकट्या दिरांनी दोनदा वाचावा.

राहते घर मुलाला व सुनेला निम्मे-निम्मे. शिलाई मशीन मुलीला. ते तिने न विचारता केव्हाच नेले आहे. आता रीतसर दिले असे समजावे.

बागेविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमचे हे गेल्यावर तण खुरपून माझी कंबर मोडायला आली. तेव्हा रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितले, झाडांच्या मधल्या जागेत बुटकी तिपानी, म्हणजे तीन-तीन पानांचा जमिनीलगतचा चारा, पसरू द्या. तिच्या ओलसर सावलीत काळे भुंगेरे राहतात आणि तणाचे बी खातात. मी तिपानी पेरली. दीर बांधावर येऊन म्हणाले, "वहिनी, गवत घालवायला गवत पेरलंत? डोकं फिरलंय तुमचं!"

"भाऊजी, तुम्ही पाहुणे घालवायला गाणं म्हणता, तेव्हा मी काही बोलले का?"

तण हळूहळू कमी झाले. दिरांचे बोलणे मात्र कमी झाले नाही.

गेल्या वर्षी पाय मोडून मी दवाखान्यात होते. मला खूश करावे म्हणून मुलाने काकांचा ट्रॅक्टर आणून बाग 'साफ' करायला घेतली. शेवटच्या चार ओळी उरल्या, तेव्हा सूनबाई स्टूल घेऊन मध्येच बसली आणि वाटाणे सोलू लागली.

"ऊठ गं, आईला आनंद होईल!"

"मग फुलं घेऊन दवाखान्यात जा. इथून मी हलणार नाही."

ट्रॅक्टर परत गेला. मी घरी आले तेव्हा साफ केलेल्या भागात एवढे तण माजले होते की मुलाची चप्पल त्यात हरवली. अजून सापडलेली नाही. त्या चार ओळी मात्र जशाच्या तशा होत्या. त्यांतलीच रोपे काढून सूनबाईने सारी बाग पुन्हा झाकली.

म्हणून बाग एकट्या सूनबाईच्या नावे. मुलाने तिथे लिंबे तोडायला जावे, पण ट्रॅक्टर न घेता. तो मनाचा चांगला आहे; त्याला फक्त कामाला लागू देऊ नये.

माझे खुरपे दिरांना, कारण गरज त्यांनाच आहे. बांधाखालून त्यांच्या हद्दीत शिरलेली तिपानीही त्यांना बक्षीस. ते अतिक्रमण समजू नये. परवा ते तिथे ओणवे होऊन भुंगेरे बघताना दिसले. मी खाकरले, तर म्हणाले, "चष्मा शोधतोय." चष्मा नाकावर होता.

सही: लिंबवाली
ठिकाण: बागेतला ओटा
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे
साक्षीदार: १. टपालवाली २. पिठाच्या गिरणीवाले

सह्यांखालील नोंद: दीरही साक्षीला आले होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. "मला काय मिळालंय?" दिरांनी विचारले. मी वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग वकीलबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून जवळ सरकून म्हणाले, "वहिनी, एवढ्यात जाऊ नका. तिपानीला पाणी किती घालायचं, ते कुठे सांगितलंत?"