वहिनीच्या झाडाचा मोहर

प्रिय धाकट्यास, थोरल्याचे मनःपूर्वक आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होते. तुझ्या सौ.चा, आमच्या सूनबाईंचा, गुडघा आता कसा आहे?

येथील बागेत मी ऑलिव्हच्या निरनिराळ्या जातींची पाहणी करतो. उष्ण प्रदेशात फुलणारी जात येथील थंडीने करपते. आपल्या अंगणातली जात मात्र थंडीवाचून मोहरत नाही, आणि येथे ती फुलांनी लगडली आहे. बागेचा मुकादम विचारतो, "साहेब, त्या झाडाकडे असं रागानं काय बघता? त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी वहीत मोहराची नोंद करून पुढच्या झाडाकडे वळतो.

तुझी वहिनी आपल्या झाडाला पाणी घालताना म्हणायची, "अहो, हे अगदी तुमच्यावर गेलंय. नुसता पानांचा पसारा, फूल म्हणून नाही!" तरी दर हिवाळा सरताच ती फांदी न् फांदी निरखत असे.

तिच्या पश्चात पहिल्याच हिवाळ्यात तिकडे कडाक्याची थंडी पडली आणि झाड मोहरले, असे तू कळवलेस. आनंद झाला, असे लिहायला बसलो होतो. परंतु खरे सांगायचे तर मला तुमचा हेवा वाटला. तुम्ही दोघांनी शेजारी उभे राहून तो मोहर पाहिलात.

फळ धरल्यास ते तोडू नये. झाडावरचे फळ फार कडू असते, हे कारण सूनबाईंना सांग. तुला म्हणून लिहितो: तिच्या झाडाचे पहिले फळ माझ्याआधी दुसऱ्या कोणाच्या हाती आलेले मला सोसवणार नाही.

पाणी मात्र रोज घालावे.

तुझा,
दादा