अंड्याची ॲलर्जी आहे का?

सोमवार, ७ जुलै

"अंड्याची ॲलर्जी आहे का?" सिस्टरने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

"माहीत नाही म्हणजे?"

खाल्लंच नाही कधी, तर माहीत कसं असणार. सिस्टरला हसू आवरेना. तिथूनच आत ओरडली — मॅडम, पेशंट महानुभाव पंथाची आहे, अंडं कधी खाल्लेलं नाही म्हणते, काय लिहू? मॅडम आतून म्हणाल्या, काही लिहू नकोस, पाठव.

मी गेले होते पाचव्या महिन्याच्या तपासणीला. मॅडम म्हणाल्या, फ्लूची लस घेऊन टाक, पावसाळा आहे. मी हो म्हटलं होतं. दंड पुढे केलाही होता. पण प्रश्न राहवेना. सुई दंडात टोचणार, मग अंड्याचं काय विचारता?

"अहो, ती लस अंड्यातच वाढवतात ना." सिस्टर हे असं म्हणाली, जसं मी म्हणते पीठ गिरणीत दळतात.

बाही खाली ओढली. पुढच्या वेळी घेते म्हटलं आणि निघाले. द्वारका चौकात नेहमीसारखी गाड्यांची गर्दी, रस्ता ओलांडायला उभी राहिले आणि सिग्नल दोनदा सुटला तरी तिथेच उभी. अंड्यात वाढवतात — कशी? अंडं फोडून? की न फोडता? आत घालतात कसं? बाहेर काढतात कसं?

संध्याकाळी अमोलला सांगितलं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून दमून आला होता, जेवता जेवता म्हणाला, "विचारलंस कशाला? आता कळलं, आता भोग."

मंगळवार, ८ जुलै

लोहाच्या कॅप्सूलचं वरचं कवच कशाचं असतं? आजवर गिळत आले, कधी विचारलं नाही. आता विचारणारही नाही. एक पुरे आहे.

गुरुवार, १० जुलै

पंथाचा उपदेश घेतला तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून मांस-मच्छी, अंडं, काही नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका दिसल्याशिवाय पुडा पिशवीत टाकत नाही. कोणाच्या वाढदिवसाला केक आला की आधी खोका वाचते. अमोलचे मित्र हसतात. हसू देत.

आज हिंमत करून परत दवाखान्यात गेले, नुसतं खोकं बघायला. सिस्टरने फ्रिजमधून काढून दाखवलं. ना हिरवा ठिपका, ना तांबडा. "औषधाला ठिपका नसतो, ताई." किंमत मात्र होती. आमच्या महिन्याच्या तेल-डाळीइतकी! तेवढ्यासाठी नाही म्हणण्यातली मी नाही, वाणसामानात ओढून-ताणून बसवीन. पण नाही म्हणायला ते एक कारण मनाने लगेच पुढे केलं, हे मी बघितलं.

खालच्या मजल्यावरची फलक भेटली. मागच्या वर्षी तिला सातव्या महिन्यात हाच फ्लू झाला होता. मी विचारलं, नक्की काय होतं? ती जिन्यातच बसली.

"पहिले दोन दिवस नुसता ताप गं. मी म्हटलं, काढा पिते, जाईल. तिसऱ्या दिवशी श्वासच येईना. मग मला काही आठवत नाही तेजू. डोळे उघडले तेव्हा पोट रिकामं होतं. अम्मी म्हणाली, बाळ काचेच्या पेटीत आहे, जिवंत आहे."

तिचा अदनान आता रांगतो. जिन्यात आम्ही बोलत होतो तर तो तिची ओढणी चावत होता. बारीक आहे, पण तुरतुरीत.

"तुला कोणी सांगितलं नव्हतं लशीचं?"

"सांगितलं होतं. मी म्हटलं, बघू."

शनिवार, १२ जुलै

सासूबाईंना अंड्याचं सांगितलेलं नाही. नुसतं म्हटलं, मॅडम फ्लूची सुई घ्या म्हणतात. त्यांचं उत्तर तयार होतं.

"नको गं बाई. मागच्या टायमाला सुई घेतली अन् आठ दिसांत पोट दुखलं. मी काय इसरले नाय."

मीही विसरलेले नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. तिसरा महिना लागला नव्हता. त्या आठवड्यात गेलं. देवळ्याहून सासूबाई पहिल्या गाडीने आल्या होत्या, तेव्हापासून इथेच आहेत, माझ्यासाठी. मला बादली उचलू देत नाहीत. त्यांना कसं म्हणू की तुमचं चूक?

शेवटी म्हणाल्या, "बाबांना इचार. ते म्हनतील तसं."

बाबा म्हणजे आमच्या आश्रमाचे महंत. आमच्या घरात जमीन घ्यायची तरी बाबांना विचारून. मला सुटल्यासारखं वाटलं. आता मला काही ठरवायचंच नाही.

सोमवार, १४ जुलै

बाबांकडे जायच्या आधी आपल्याला नीट माहिती हवी, म्हणून पुन्हा मॅडमकडे. फोनवर नको, समोर. मॅडमनी पंख्याखाली बसवलं.

सासूबाईंचं आधी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते सुईने गेलं नाही, तेजस्विनी. इतक्या लवकर जातं तेव्हा बहुतेक वेळा गर्भच नीट धरलेला नसतो. सुई घेतली नसती तरी गेलं असतं." मग म्हणाल्या, ही लस फक्त तुझी नाही. बाळाला पहिले सहा महिने ही लस देता येत नाही. तू घेतलीस तर तुझ्या रक्तातून त्याला संरक्षण जातं.

हे मला फार नवल वाटलं. म्हणजे मी टोचून घेणार आणि तो आत बसून शिकणार?

मग मुख्य प्रश्न. मी तयारी करून गेले होते. फलककडून काढून घेतलं होतं की दुकानातलं अंडं रिकामं असतं, पिल्लू-बिल्लू काही नसतं त्यात. मग हिंसा कसली? मी मनात ठरवूनच टाकलं होतं की मॅडम हो म्हणाल्या की झालं. विचारलं — मॅडम, ते अंडं रिकामंच असतं ना?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? रिकाम्या अंड्यात विषाणू वाढत नाही. त्याला आत जीव धरलेलं अंडं लागतं. दहा-अकरा दिवसांचं."

"आणि मग त्या पिल्लाचं?"

मॅडमनी पेन उचलून टोपण लावलं. मीही पुढे विचारलं नाही. माझा हात पोटावर होता, तो मी उगाच काढून पर्सवर ठेवला.

मग त्या म्हणाल्या, शेवटी सुईत जे येतं त्यात अंडं जवळजवळ नसतंच, गाळून गाळून घेतात. मी मान डोलावली. पण प्रश्न तो नव्हताच आता.

बुधवार, १६ जुलै

जितकं विचारावं तितकं उत्तर जड येतं. तरी जीभ गप्प बसत नाही.

रविवार, २० जुलै

आश्रमात जाऊन आले. एकटीच. अमोलला सुट्टी नव्हती. बाबांच्या उपहारासाठी, म्हणजे जेवणासाठी, शेवयांची खीर नेली, पातळ, साखर बेताची — त्यांना गोड चालत नाही.

बसमध्ये सगळं पाठ केलं. बाबा, फ्लूची लस जीव धरलेल्या अंड्यात वाढवतात, मी उपदेशी आहे, पोटात बाळ आहे, काय करू? एवढंच. ते हो म्हणाले तर घ्यायची, नाही म्हणाले तर नाही.

दारात चांगुणाबाई भेटल्या. आश्रमातल्या तपस्विनी, बाबांचं औषधपाणी सगळं त्याच बघतात. दंडवत घातला. कशी काय आलीस म्हणाल्या. मी म्हटलं, बाबांना एक विचारायचं आहे, मॅडम फ्लूची सुई घे म्हणतात.

"अगं, मग विचारायचं काय त्यात? बाबांना दर पावसाळ्यात टोचतात. डॉक्टर इथे येऊन टोचून जातात."

मी पायरीवरच थांबले.

चांगुणाबाई बोलत राहिल्या. पूर्वी पावसाळा आला की बाबा दवाखान्यातच. एकदा न्यूमोनिया, नळ्या लावल्या होत्या, हात जोडून बसलो होतो सगळे. सुई सुरू केली तेव्हापासून खोकतात, पण घरात खोकतात.

आत गेले. बाबा किती वाळलेत. मनगट माझ्या दोन बोटांत येईल. खिरीचा वास घेऊन हसले. "बोल बाळ, काय विचारायचं होतं?"

ते वाक्य तोंडात तयार होतं. पहिला शब्द जिभेवर होता. आणि मला दिसलं पुढे काय होणार. बाबा मुंगी चिरडेल म्हणून अंगणात वाकून चालतात. त्यांना कळलं तर ते ह्या वर्षी हात पुढे करणार नाहीत. आणि मग चांगुणाबाई पुन्हा हात जोडून बसणार.

"काही नाही बाबा. आशीर्वाद हवा होता."

"दारात बोलत होतीस ती सुई घेतली का गं? घेऊन टाक. मला दरसाल टोचतात. दंड दुखतो एक दिवस, मग काही नाही."

मी मान खाली घालून दंडवत केला. चांगुणाबाई दारात उभ्या होत्या, मला वाट द्यायला बाजूला झाल्या.

सोमवार, २१ जुलै

सासूबाईंनी काल चप्पल काढायच्या आत विचारलं. "काय म्हनले बाबा?"

"घे म्हणाले. ते स्वतः घेतात."

"मंग घे की! लय दिस लावले तू." आणि भाजी निवडायला बसल्या. एवढं सोपं. वर्षभराची त्यांची भीती एका वाक्यात गेली.

खोटं बोलले नाही मी. पण बाबांनी होकार दिला तो मी न विचारलेल्या प्रश्नाला. असा होकार चालतो का? ज्याने दिला त्याला माहीत नाही आणि जिने घेतला तिला माहीत आहे. आज सकाळी नामस्मरणाला बसले तर नाम बाजूला राहिलं, हेच फिरत राहिलं.

अमोलला म्हटलं, मला बाबांना सांगायला हवं होतं का? त्याने आधी बूट काढले. मग म्हणाला, "तेजू, तू सांगितलं असतंस आणि त्यांना काही झालं असतं, तर तू जगली असतीस का?"

"आणि न सांगता त्यांच्या हातून रोज पाप होतंय ते?"

"वर्षातून एकदा," म्हणाला. मला हसू आलं. मग राग आला हसल्याचा.

बुधवार, २३ जुलै

आज दुपारी हललं. आधी वाटलं पोटात गॅस धरला. मग परत. आतून कोणी बोटाने हळूच टिचकी मारावी तसं. सासूबाईंना हाक मारली, त्यांनी हात ठेवला, पण तोवर थांबलं. "लबाड हाय," म्हणाल्या.

आणि मला ते अंडं आठवलं. दहा-अकरा दिवसांचं. त्यात काय हलत असेल?

मी त्या पिल्लाला ओळखत नाही. ह्यालाही ओळखत नाही अजून. पण हा मला ओळखतो. माझ्याशिवाय ह्याला सांगायला दुसरं कोणी नाही, विचारायलाही कोणी नाही.

खाली फलकचा नवरा खोकतोय. वरच्या मजल्यावरही कोणी तरी. अमोल काल म्हणाला, ऑफिसात चौघे तापाने घरी आहेत.

शुक्रवार, २५ जुलै

घेतली.

डावा दंड. सिस्टरने त्या दिवशीचं विसरून पुन्हा विचारलं, अंड्याची ॲलर्जी? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, टोचा.

टोचताना परमेश्वराचं नाव घेतलं. क्षमा मागितली की काय मागितलं, मलाच माहीत नाही. एवढं मात्र ठरवून गेले होते की डोळे मिटायचे नाहीत. जे घेतेय ते बघून घ्यायचं.

बाबा माहीत नसताना घेतात. मी माहीत असून घेतली. ह्यात मोठा दोष कोणाचा? हे विचारायला जायचं तर बाबांकडेच जावं लागेल. आणि तिथे तर हा प्रश्न आता कधीच नेता येणार नाही. म्हणजे हा माझ्याजवळच राहणार. राहू दे.

घरी आल्यावर सासूबाईंनी दंडाला हळद लावू का विचारलं. लावू दिली.

शनिवार, २६ जुलै

दंड दुखतो. बाबा म्हणाले होते तसाच. आतला मजेत आहे.

बुधवार, ३० जुलै

चांगुणाबाईंचा फोन आला. आश्रमाचा फोन त्यांच्याचकडे असतो. पण त्यांनी आपणहून कधी केला नव्हता. सुई घेतलीस का म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या,

"त्या दिवशी तू अंड्याचं विचारायला आली होतीस. हो ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पायरीवर थांबलीस तेव्हाच मला कळलं. डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी बाबांना नाही सांगितलं. तू आत बसलीस तेव्हा मी दारात उभी होते. परमेश्वराला एकच मागत होते, ही पोरगी गप्प बसू दे."

मी विचारलं, बाई, मग तुम्ही? तुम्ही पण घेता?

"नाही बाळा. माझ्या पोटात कोणी नाही. मला नाही म्हणणं परवडतं."