सूतभर सरकलेला शिक्का

प्रिय वकीलसाहेब,

लहानपणी खाऊवरून माझ्याशी हुज्जत घालायचीस, तेव्हापासून तुझं हे नाव.

इकडे सगळं ठीक. दुकानातलं झेरॉक्स मशीन पुन्हा रुसलंय, आणि तुझी आई म्हणते, मीही. मी रुसलो नाही गं, तोंड लपवतोय.

तुझ्या अमेरिकेतल्या लॉ कॉलेजांचे नियम मला तोंडपाठ झाले होते. आपल्याकडची पदवी तिथे नुसती दाखवून भागत नाही. विद्यापीठानं गुणपत्रकं पाकिटात घालायची, चिकटवलेल्या जागी शिक्का मारायचा आणि पाकीट थेट तिकडच्या तपासणाऱ्या संस्थेकडे पाठवायचं. मधे कुणी उघडायचं नाही. टपालाचा माणूस रजेवर होता, तुला घाई होती, म्हणून रेकॉर्ड विभागातल्या बाईंनी ते माझ्या हाती दिलं, कुरिअरला द्यायला. नियमात बसत नव्हतं, पण माझ्यावर भरवसा.

कुरिअरवाला आपल्या दुकानापासून चार पावलांवर. तेवढी चार पावलं माझ्याच्यानं धड टाकवली नाहीत. पंचवीस वर्षं लोकांच्या मुलांची गुणपत्रकं झेरॉक्स केली. चांगला कागद हाती आला की एक प्रत काढून ठेवायची, ही खोड. तुझं नाव, तिन्ही वर्षं पहिला वर्ग, खाली कुलसचिवांची सही, आणि आपल्याच घरात त्याची प्रत नाही? किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं, प्रत काढली, डिंक लावून पुन्हा चिकटवलं. शिक्क्याचे दोन अर्धे जुळताना सूतभर सरकले. मला दिसलं होतं. म्हटलं, एवढं कोण बघतंय.

त्यांनी बघितलं. पाकीट उघडलेलं आहे म्हणून तुझा अर्ज अडकला, सहापैकी चार कॉलेजांच्या तारखा उलटल्या. तू फोनवर विचारलंस, बाबा, शिक्का नीट होता ना, आणि मी म्हणालो, दिलं तसं पाठवलं. तुला बापाच्या शब्दावर शंका आली नाही. तू बाईंविरुद्ध तक्रार केलीस. मुद्देसूद होती. मी ती वाचून तुला शाबासकी दिली, त्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

परवा त्या बाई दुकानात आल्या. चौकशीत द्यायच्या खुलाशाच्या तीन प्रती हव्या होत्या. कागद काचेवर ठेवताना वाचलं: पाकीट मुलीच्या वडिलांनी नेलं, पण त्यांच्यावर माझा संशय नाही, चिकटवताना माझ्याकडूनच कमी-जास्त झालं असावं. बाईंची नोकरी जायची वेळ आलेली, आणि मी खाली मान घालून प्रती काढत होतो. एरवी रुसणारं मशीन त्या दिवशी मात्र छान चाललं.

काल विद्यापीठात जाऊन सगळं लेखी दिलं आणि त्याची प्रत बाईंच्या हाती ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. चार शब्द सुनावतील असं वाटलं, मला ते हवेही होते. त्यांनी एवढंच विचारलं, मुलीला सांगितलंत का. मी नाही म्हणालो, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. नवं पाकीट त्यांनी कालच कार्यालयातून रवाना केलं. उरलेल्या दोन कॉलेजांपुरतं वेळेत पोचेल. सोमवारी चौकशीला येशील तेव्हा आधी त्यांच्यापाशी जा. माझ्याशी नंतर बोललीस तरी चालेल.

तुझाच,
तुझ्या पहिल्या प्रकरणातला खोटा साक्षीदार,
बाबा