टापेटे, टापेता, बेहांग

१२ फेब्रुवारी २००६
ह्यांची तेरवी आटोपली. पाहुणे गेले. चौबे कॉलोनीतलं हे घर एवढं मोठं आहे, हे आजच समजलं.

इराले कोणी कळवलं नाही. कुठं कळवणार? पोट्टीनं कोर्टात लग्न केलं, नवऱ्यासोबत परदेशी गेली, त्याले चार वर्षं झाली. पत्ता कोणाजवळ आहे! ह्यांनी तर त्या दिवसापासून तिचं नावही काढलं नाही. बापाचं काळीज मऊ असते म्हणतात. ह्यांचं दगडाचं होतं. मेलेल्या माणसाबद्दल लिहू नये, पण लिहिलं.

१४ फेब्रुवारी
दवाखान्यातलं शेवटचं बोलणं डोक्यातून जात नाही. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूले केला आणि म्हणाले, "वनू, हॉलंडमधे बेहांग म्हणतात. म्हणजे टांगलेलं." बायकोले सांगायले दुसरं काहीच नव्हतं का?

नवं राज्य झालं, आपलं शहर राजधानी झालं, साहेबांचे नवे बंगले उभे राहिले, ह्यांनी तात्यापाऱ्यात वॉलपेपरचं दुकान टाकलं. तीन-चार वर्षांपासून तेच वेड. जेवता जेवता सुरू — जर्मनीत वॉलपेपरले टापेटे म्हणतात. वर्षभरानं — पोलंडमधे टापेता. मग फिनलंडमधे टापेत्ती. मागच्या वर्षी फ्रान्स! पापिए पँ, म्हणजे रंगवलेला कागद. "पाय वनू, ते तिघं एका घरचे, अन् हा निराळाच." सांगून झालं की माझ्या तोंडाकडे पाहत बसायचे. मी म्हणायची, वरण घेता का? आपल्या घरात एक कागद चिकटवला नाही, आणि जगाच्या भिंतींची पंचाईत!

१७ फेब्रुवारी
आजही दोन पोळ्या जास्तीच्या झाल्या.

२० फेब्रुवारी
धर्मपाल किल्ली घेऊन आला. दुकानात कागद चिकटवायचं काम तोच करायचा, बीरगांवहून येतो. दुकान रिकामं करायचं म्हणून त्याच्यासोबत गेली.

नमुन्यांच्या जाड बुकामागं एक डबा निघाला. आत पाकिटं, बाहेरच्या देशांचे स्टँप. प्रत्येकात चिठ्ठी आणि वॉलपेपरचा हाताएवढा तुकडा. तुकड्याच्या पाठीवर लिहिलेलं — जर्मनी, टापेटे. पोलंड, टापेता. अक्षर इराचं! 'ट'ची शेपटी ती अशीच वर ओढते, लहानपणापासून.

धर्मपाल म्हणाला, "भाभीजी, दीदी की चिट्ठी तो हर दो महीने में आती थी. आपको नहीं मालूम?"

तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः पोरीशी बोलत होते, आणि मी उशीत तोंड खुपसून रडत होती ते रोज पाहत होते! काहून? माझी पोरगी नव्हती का ती?

२१ फेब्रुवारी
सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. नवऱ्याची नोकरी बदलते, देश बदलतो, घर भाड्याचं. भिंतीचा तुकडा बाबाच्या दुकानासाठी. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी एकच ओळ — बाबा, आईनं शपथ सोडली का?

तेव्हा आठवलं. ती गेली त्या दिवशी स्वयंपाकघरात मीच ओरडली होती — माझ्यासमोर तिचं नाव काढलं, तिची खबर आणली, तर माझं मेलं तोंड पाहाल! रागात बोलली. महिन्याभरात विसरली. हे विसरले नाहीत. ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असते. ते माझी वाट पाहत राहिले, मी त्यांची.

नाव काढलं नाही. खबर दिली नाही. पोरगी कोणत्या देशात आहे तेवढं मात्र दर वेळी ताटावर सांगत राहिले. मरतानाही सांगितलं. आणि मी वरण वाढत राहिली.

मेलं तोंड शेवटी मीच पाहिलं. खूप रडली आज.

२२ फेब्रुवारी
हॉलंडच्या चिठ्ठीत फोन नंबर होता. एसटीडी बूथवरून लावला. "इरा," मी म्हटलं, "सुटली."

ती रडली, मग हसायले लागली. म्हणाली, "आई! बाबानं तुले बोलतं केलंच शेवटी. बाजूलेच उभा असेल ना? दे त्याले फोन."