दुसऱ्या पडद्यावरची ठमी

अरे,

तू दुसरा मॉनिटर जोडत होतास तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "पडदे कितीही लावा, लक्ष एकच असतं गं." मी हसण्यावारी नेलं. एकावर माझं ऑफिसचं काम, दुसऱ्यावर आईंच्या खोलीतल्या पाळण्यासमोरचा कॅमेरा, म्हणजे ठमी सतत डोळ्यांसमोर, असा माझा हिशेब.

आज मीटिंगमध्ये सारखी तिकडे बघत होते. शांत झोपलेली दिसली. चित्र केव्हाच अडकलं होतं, ते कळलंच नाही. कानांवर हेडफोन, त्यामुळे रडणंही ऐकू आलं नाही. आई गच्चीवरून कपडे घेऊन आल्या तेव्हा ती पाळण्यातून पडून फरशीवर होती.

कपाळावर टेंगूळ आहे, दोनदा उलटी झाली. पण मला ओळखतेय. आपल्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलंय, तिकडेच निघालेय. शेजारच्या काकू सोबत आहेत. तुझा फोन लागत नाहीये. येताना तिची फाइल आणि जाड दुपटं आण.

कॉम्प्युटर बंद करायचं सुचलं नाही. दुसऱ्या पडद्यावर ठमी अजून झोपलेलीच दिसेल. तिकडे बघत उभा राहू नकोस, त्याची वायर काढून टाक.

पण त्याआधी आईंच्या खोलीत जा. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. "मीच कशाला गेले कपडे काढायला," एवढंच पुटपुटत रिकाम्या पाळण्यापाशी बसल्यात. चूक त्यांची नाही, हे घाईत सांगायचं राहिलं. तू सांग, आणि जरा त्यांच्याकडे बघ.