आमच्या गच्चीवरची गाळी

यशवंतपूर, बेंगळूर
१२ जानेवारी १९९७

तीर्थरूप अप्पासाहेबमामा यांच्या चरणी भाचा फत्तेसिंगचा दंडवत. आपला गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. इकडे सर्व ठीक, आईचा खोकला सोडून. (तो रोज पहाटे वेळेवर येतो.)

खोकल्याचं खापर मी समोरच्या रंगाच्या कारखान्यावर फोडतो, हे आपण जाणताच. म्हणून एका संस्थेची माणसं हवा तपासायला जागा शोधत आली, तेव्हा मी आपली गच्ची देऊन टाकली. इकडे यंत्र, पलीकडच्या गच्चीवर आरसा, आणि मधून अवरक्त किरण (दिसत नाहीत, मी बराच वेळ पाहिलं). वाटेत जो वायू असेल तो त्या किरणांतला आपला ठरलेला घास खातो, आणि काय नाहीसं झालं त्यावरून कोण होतं ते कळतं. मामा, न दिसणाऱ्या चोराला त्याच्या खाण्यावरून ओळखायचं! मी दुकान सोडून तिथेच बसू लागलो.

घोटाळा एका शब्दाने केला. यंत्र चालवणाऱ्या भव्याबाईंनी आईला नम्रपणे सांगितलं, "अम्मा, गाळी परीक्षे माडतीवी," म्हणजे गाळीची परीक्षा करतो आहोत. कानडीत गाळी म्हणजे हवा, आणि अंगात शिरणारी बाधाही गाळीच. आईने सोयीचा अर्थ घेतला. खोकल्याचं मूळ बाधेतच आहे हे शिकलेल्यांनाही पटलं म्हणून तिला भरून आलं. दुसऱ्या सकाळी तिने किरणांच्या ऐन वाटेत शेगडी मांडली आणि मिरच्या, मोहऱ्या, मीठ टाकून यंत्राची दृष्ट काढली. सगळी गल्ली ठसकली. एवढा ठसका लागला म्हणजे यंत्राला दृष्ट नव्हती, असा निर्वाळा तिने दिला. यंत्रातून निघणाऱ्या कागदावरच्या रेघा मात्र पार बिघडल्या. भव्याबाई रागावल्या नाहीत. स्वल्प थांबा म्हणून त्या मागचे कागद चाळत बसल्या, आणि मग विचारलं, की पहाटे कारखाना बंद असतो, तेव्हा इथे रंगाच्या वाफा कुठून येतात?

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

ता.क. : वाफा आमच्याच न्हाणीतून येतात. कारखाना फुकट देतो त्या रंगाने माखलेल्या फळ्यांवर आई बंब पेटवते. मी ओरडलो, भव्याबाईंनी समजावलं. ती ऐकत नाही. खोकला वाढतोय, मला भीती वाटते. ती फक्त आपलं ऐकते. तेव्हा गाळी बंबात शिरली आहे, तो विझवावा, असं पत्र आपल्या हातचं तिला धाडावं.

आणखी एक : अण्णा, फत्तेसिंगने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. गाळी म्हणजे हवा हे मला ठाऊक आहे, जन्म इथे गेला. हवेची दृष्ट काढली तर काय बिघडलं? बंब उद्यापासून बंद. तो पेटतो ह्याच्याच आंघोळीच्या दोन बादल्यांसाठी. मी गार पाण्यानेच न्हाते. — तुझी बहीण जमना